सुनेचे डोहाळे आणि इटलीचा पाव



गेल्या महिन्यात मंडळाच्या बैठकीला मी ब्रुस्केटा करून नेला होता. तेव्हापासून फोन चालू आहेत, कृती सांगा म्हणून. सांगते. पण हा इटलीचा पदार्थ सांगलीला आमच्या स्वयंपाकघरात कसा आला ते आधी सांगावं लागेल, आणि त्यात माझी एक चूक आहे. सुनेला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "लिहा की आई, त्यात काय!"

आमची सून साताऱ्याची, जैनेतर घरातली. लग्नाला तीन वर्षं झाली. लग्नाआधी तिच्या कंपनीने तिला चार महिने इटलीला, रोमला पाठवलं होतं. आता ती घरूनच काम करते. आल्यापासून तिने आमच्या घरात कांदा-लसणाचं नाव काढलं नाही. पाणी गाळून घेणं, दिवस मावळायच्या आत जेवणं, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न चिरणं, सगळं बघून बघून शिकली. मी बस्तीत, मंडळात, लग्नकार्यात सांगत असे, "आमच्या सुनेने कांदा-लसूण सोडला बरं का!" सांगताना मान जरा ताठ व्हायची, तेही कबूल करते.

यंदा तिला दिवस गेले. माघात पाचवा महिना लागला. एके दुपारी मी गच्चीवर कपडे काढायला गेले तर ती पलीकडच्या कठड्याला टेकून आईशी फोनवर बोलत होती. चोरून ऐकायचं नव्हतं, पण कानावर पडलं. "आई, दुसरं काही नको गं. भाजलेला पाव, गरम गरम, त्याच्यावर कच्चा लसूण चोळायचा आणि तेल सोडायचं. रोमला खायचे ना, तो. रात्री झोपेतसुद्धा वास येतो. इथे कसं सांगू?"

कपडे तसेच हातात घेऊन मी खाली आले. लसणापेक्षा ते "इथे कसं सांगू" जास्त लागलं. माझ्या वेळी मला कैरीचे डोहाळे लागले होते, आणि बाजारात कैरी यायच्या आत सासूबाईंनी कुणाच्या तरी मळ्यातून चार चिकण्या कैऱ्या आणून माझ्या ओटीत टाकल्या होत्या. मी मागितल्या नव्हत्या. त्यांनी ओळखलं होतं. आणि माझ्या घरात पोटुशी पोर वासाची आठवण काढून झोपते नि मला पत्ता नाही.

अणथऊ झाल्यावर तिला जवळ बसवून विचारलं. आधी काही बोलेना. मग म्हणाली, "आई, खरं सांगू? मी लसूण सोडलेला नाहीये. इथे खात नाही, एवढंच. साताऱ्याला गेले की खाते. तुम्ही सगळ्यांना सांगता ना, तेव्हा मला फार अवघड होतं."

मला राग आला. लपवत नाही. आणि तो धर्माचा राग नव्हता, चारचौघींत सांगून बसल्याचा होता. त्या रात्री झोप लागली नाही. मी 1981 ची बी.कॉम. आहे, घरचा जमाखर्च अजूनही मीच लिहिते. दुहेरी नोंदीत पहिलाच धडा असा, की एकीकडे जमा झालं की दुसरीकडे कुणाच्या तरी नावे पडतंच. तीन वर्षं मी सुनेचा त्याग आमच्या घराच्या जमेला धरत होते. तो कुणाच्या नावे पडतोय ते पान मी उघडलंच नव्हतं.

सकाळी आक्कांकडे गेले. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई, वय 87, व्रती. त्यांचा स्वयंपाक वेगळा, शोधाचा. म्हटलं, "आक्का, ती माहेरी लसूण खाते म्हणे." त्यांनी हातातली माळ पुरी केली आणि विचारलं, "तिनं नियम कुठल्या महाराजांकडं घेतला होता?"

"घेतला नव्हता."

"मग तिनं मोडलं काय? नियम तर तूच जाहीर केलास." आणि थोड्या वेळाने, "काय मागतीय पोर? पाव? मग आपल्यात बसेल असा कर की."

तर असा तो पदार्थ घरात आला. मी आधी ब्रुशेटा म्हणत होते, सुनेने सुधारलं, "आई, ब्रुस्केटा." रोमच्या बोलीत ब्रुस्कारे म्हणजे निखाऱ्यावर भाजणं, त्यावरून हे नाव. मूळ शेतकऱ्याचं खाणं. ऑलिव्हचं नवं तेल घाण्यावर निघालं की ते चाखायला भाजलेल्या पावावर ओतायचं. टस्कनीत यालाच फेत्तुंता म्हणतात, म्हणजे तेलातला तुकडा. शिळा, वाळलेला पाव वाया जाऊ नये म्हणून भाजायचा आणि लसणाची पाकळी त्याच्यावर घासायची. भाजलेला पाव किसणीसारखा खरबरीत होतो, पाकळी त्याच्यातच झिजून जाते. टोमॅटो नंतरचा. तो अमेरिकेतून सोळाव्या शतकात युरोपात गेला.

ऐकूनच मी कपाळाला हात लावला. शिळा पाव आणि लसूण, पदार्थाचे दोन्ही पाय आपल्याकडे चालत नाहीत! बाजारचा पाव यीस्टचा, मैद्याचा. सुनेने मोबाईलवर आणखी प्रकार दाखवले. अंजीर आणि मध लावलेला: मध तर सोडलेलाच, आणि अंजीर पाच उदुंबर फळांतलं. मशरूम नाही. मिठाच्या पाण्यात मुरवलेले ऑलिव्ह म्हणजे संधान, लोणच्याच्या पंगतीतले. व्हिनेगर आंबवलेलं. आणि ते नावाजलेलं पार्मेझान चीज तर वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, हे आपल्या बायकांनी नीट लक्षात ठेवा, नातवंडं हॉटेलात पास्त्यावर किसून घेतात ते. सून हसायला लागली. "आई, राहिलं काय मग?"

राहिलं गहू, तूप आणि विस्तव. तेवढ्यावर सुरुवात केली.

पावासाठी खपली घेतली. आपल्या सांगली-कोल्हापूरकडची खपली आपल्याला खिरीपुरतीच आठवते. पण सुनेने सांगितलं की हाच गहू इटलीत फार्रो म्हणून खातात, टस्कनीतला गार्फान्याना भाग त्याच्यासाठी नावाजलेला आहे. म्हणजे पीठ तरी इटलीच्या नात्यातलं निघालं. दोन वाट्या ताजं दळलेलं पीठ, अर्धा चमचा खायचा सोडा, चवीला मीठ, आणि त्याच दिवशी घुसळलेलं आंबूस ताक साधारण एक वाटी, लागेल तसं. यीस्ट नाही, आंबवणं नाही. हे पीठ पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही. नुसतं गोळा करायचं, चिकट राहिलं तरी चालतं. मी पहिल्या दिवशी सवयीने मळत बसले, पाव विटेसारखा झाला. गोळ्यावर सुरीने अधिकाची खूण करायची. ओव्हनमध्ये ठेवा, नाही तर जाड बुडाच्या पातेल्यात मीठ तापवून, वर ताटली ठेवून, झाकण लावून 40 मिनिटं. खालून वाजवून बघायचा, पोकळ आवाज आला की झाला. मग पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचा नाही. गरम कापला तर भुगा.

बोटभर जाडीची कापं करून शेगडीवर भाजली. कोळसे आधी ताटात ओतून, बघून, झटकून घेतले. शेगडी नसेल तर लोखंडी तवा, पण आच बेताची ठेवून चांगले तपकिरी डाग पडेपर्यंत थांबा. अर्धवट भाजलेला पाव वरच्या ओल्या गोष्टीने लगेच मऊ पडतो.

लसणाच्या जागी हिंग. खडा हिंग घ्या, डबीतल्या पुडीत पीठ फार असतं. शेंगदाण्याएवढा खडा दोन चमचे तुपात मंद आचेवर फुलवला आणि बोटाने चुरला. तळलेल्या हिंगाला लसणाच्या जवळचा वास येतो, दोन्हींत गंधकाचा अंश आहे म्हणून. ते तूप गरम कापांवर चोळलं की चर्र आवाज होतो. सून दारात उभी होती. तिने डोळे मिटून वास घेतला, मी बघितलं. (काही घरांत हिंगही चालत नाही. त्यांनी जिऱ्या-मिऱ्याचं तूप करा.)

वरती काय लावायचं यात मात्र आम्ही दोघी पंधरा दिवस रमलो.

पहिला टोमॅटोचा. घट्ट टोमॅटो, बिया काढून बारीक चिरायचा, मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत निथळायचा. ते पाणी आमटीला घाला. तिकडे यात बेसिलची पानं घालतात. बेसिल म्हणजे सब्जाचंच झाड. आपण फालुद्यात बी घालतो आणि पानं विसरतो! माझ्या कुंडीत होतं. चातुर्मासात पानं सोडली असतील तर तेव्हा नुसती मिरपूड.

दुसरा द्राक्षांचा, आणि हा माझा लाडका. तासगावची द्राक्षं तेव्हा ऐन भरात होती. अर्धी कापून तव्यावर नुसती हलवायची, साल सुरकुतली की उतरवायची, भरपूर मिरी. खाली ताज्या दुधाचं लिंबाने फाडलेलं पनीर, हाताने मळून मऊ केलेलं. गोड, तिखट, आंबूस, एकदम. मंडळात नेला होता तो हाच.

तिसऱ्याची फजिती ऐका. ओला हरभरा आला होता. सोलाणे वाफवून, हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर, लिंबू घालून जाडसर वाटले आणि पावावर लावले. दिसायला इतके सुरेख! आक्का काठी टेकत आल्या, एकदा ताटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पावात ताक हाय न्हवं?" झालं! ताक आणि हरभरा, द्विदल! चाळीस वर्षं कढीला बेसन लावताना शंभरदा विचार करणारी मी, पावातलं ताक विसरले. मग ते वाटण ज्वारीच्या भाकरीवर गेलं. पातळ भाकरी शेगडीवर कडक करून, चार तुकडे करून, त्याच्यावर सोलाणे. खरं सांगू, पावापेक्षा तोच जास्त जमला. आमच्या ह्यांनी सहा तुकडे खाल्ले आणि विचारलं, "हे इटलीचं कुठून?" भाकरीवरच्या ठेच्याला दुसरं नाव दिलंत, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं फारसं चुकलं नाही.

पण हे सगळं जिच्यासाठी, तिचं काय? पहिल्या दिवशी हिंगाच्या तुपाचा, टोमॅटोचा तुकडा तिच्या हातात दिला. तिने खाल्ला, दुसरा मागून घेतला, तिसराही घेतला. मग मी विचारलं, "तसाच लागतो का गं?" ती जरा थांबली. आधीची सून असती तर हो म्हणाली असती. म्हणाली, "छान आहे आई, खरंच छान आहे. पण ते नव्हे." मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

चैत्रात सातवा लागला आणि तिचे आईवडील तिला न्यायला आले. आदल्या रात्री माझ्या मनात एकच घोळत होतं. सोबत पाव द्यायचा की नाही? तिथे गेल्यावर त्याच्यावर काय चोळलं जाणार हे मला माहीत होतं. कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्ही लागतात हे आपण रोज म्हणतो. स्वतः केलं नाही, करायला सांगितलं नाही, पण बरं म्हटलं तरी लागतं. मग माझ्या हातचा पाव देणं हे काय? आक्कांना विचारायला उठले आणि दारातून परत आले. प्रत्येक गोष्टीची पावती त्यांच्याकडून फाडून घ्यायची नाही, असं ठरवलं.

पहाटे उठून पीठ कालवलं. गार झाल्यावर आठ कापं केली, न भाजता, स्वच्छ फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली. विहीणबाईंच्या हातात डबा दिला. "आजच संपवा हं, उद्यावर ठेवू नका. आणि भाजाल तेव्हा आच बेताची ठेवा." त्यांनी विचारलं, "वर काय लावायचं असतं?"

मी म्हटलं, "ते ती सांगेल."

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला तिचा फोन आला. पोचलो, पाय थोडे सुजलेत, बाबांनी गाडी हळू चालवली. मग म्हणाली, "आई, पाव संपला. दोन तुकडे बाबांनीच खाल्ले." मी पायाखाली उशी घेऊन झोपायला सांगितलं, कोमट पाण्यात मीठ घालून पाय शेकायला सांगितलं. वर काय लावलं ते मी विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

मंडळात आता कुणी विचारलं की सांगते, सून माहेरी आहे, तब्येत छान आहे. तेवढंच.