घरात आणखी कोण राहतं?

चाइल्डमाइंडर व्हायचं म्हणून इंग्लंडमध्ये अर्ज भरायला बसलं की थोड्याच वेळात एक प्रश्न पुढ्यात येतो: घरात आणखी कोण कोण राहतं? मुलं मी सांभाळणार, पैसे मी घेणार, मग बाकीच्यांची चौकशी कशाला, असं आपल्याकडच्या बायकांना हमखास वाटतं. मलाही वाटलं होतं. बरीच वर्षं हे काम केल्यावर आज म्हणेन, सगळ्या अर्जात कळीचा प्रश्न तोच आहे.

लंडनजवळच्या स्लावमध्ये आम्ही मराठी माणसं भरपूर. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एखादी नवी मुलगी मला कोपऱ्यात गाठतेच. नवरा आयटीत, स्वतःची डिग्री बॅगेत, मूल लहान. “ताई, मी नाहीतरी घरीच असते. आणखी दोन मुलं सांभाळली तर?” तिच्या डोळ्यांसमोर आपल्याकडचं पाळणाघर असतं. माझ्याही होतं. नाशिकला आमच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या काकू पाळणाघर चालवायच्या. त्यांच्याकडे कसला दाखला नव्हता आणि कुणी मागितलाही नाही. त्यांचा नवरा कुठे नोकरीला आहे, सासरे किती तापट आहेत, वरणात हिंग किती पडतो, हे साऱ्या सोसायटीला ठाऊक होतं. ती ओळख हाच त्यांचा परवाना.

इथे माझ्या दाराशी येणारी आई मला ओळखत नाही. माझं आडनाव तिला धड उच्चारता येत नाही. आणि सोमवारी सकाळी साडेसातला दहा महिन्यांचं मूल माझ्या कडेवर देऊन तिला लंडनची गाडी पकडायची असते. जे काकूंना न मागता मिळालं होतं, ते मला एकेक कागद जमवून मिळवावं लागलं.

कायदा तसा सरळ आहे. 8 वर्षांखालचं मूल, दिवसाला दोन तासांहून जास्त, पैसे घेऊन, आपल्या घरात सांभाळायचं तर ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेकडे किंवा चाइल्डमाइंडर एजन्सीकडे नोंदणी हवीच. आजी, मावशी, काका अशा सख्ख्या नात्यांना सूट. मुलाच्या घरी जाऊन सांभाळलं तर तुम्ही नॅनी, तो रस्ता निराळा. ‘मी फक्त ओळखीतल्यांचीच घेते’ ही सबब चालत नाही. नोंदणीशिवाय असं काम करणं हा गुन्हा आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘घरगुती वातावरणात मुलं सांभाळली जातील’ अशी जाहिरात टाकणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. आपल्या व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करता येतो का, तेही आधी बघून घ्या म्हणते.

अशी नोंदणी इथे नवी नाही. 1948 सालीच त्यासाठी कायदा झाला होता. पुढे हे काम काउन्सिलकडे असायचं, 2001 पासून ते ऑफस्टेडकडे आलं. अर्जाची फी 35 पौंड, म्हणजे फार नाही. खरा खर्च वेळेचा आणि मनाचा.

मनाचा कसा, ते सांगते. घरात राहणाऱ्या 16 वर्षांवरच्या प्रत्येकाची डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी होते. परदेशात राहून आलेल्यांना तिथल्या पोलिसांचा दाखला मागतात. माझी नोंदणी झाल्यावर धाकटा दीर मास्टर्स करायला आला आणि वर्षभर आमच्याकडे राहायचं ठरलं. मी त्याच्यापुढे फॉर्म ठेवला. “वहिनी, मी काय केलंय?” असं म्हणून तो हसला. नाशिकहून सासूबाईंचा फोन आला, त्या मात्र हसल्या नाहीत. “माझ्या पोराची पोलिसांत चौकशी करतेस?” नवरा दोघींच्या मध्ये. मी त्यांना एवढंच म्हटलं, “आई, तो कसा आहे ते तुम्हाला आणि मला माहीत आहे. ज्या बाईचं बाळ वरच्या खोलीत झोपतं, तिला कसं कळणार?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग विचारलं, “बाळाची आई काय करते?” फॉर्म भरला गेला. पुढे माझा मुलगा 16 वर्षांचा झाला, तेव्हा केक कापायच्या आधी त्यानेच विचारलं, “आई, माझा डीबीएस?”

घर एकदा नोंदवलं की ते सगळ्यांचंच कामाचं ठिकाण होतं. नवऱ्याने ड्रिल मशीन जिन्यात ठेवायचं नाही, पाहुण्यांनी गोळ्यांची डबी टीपॉयवर विसरायची नाही, तपासणी न झालेल्या कुणाकडेही ‘दोन मिनिटं बघा हो’ म्हणून मूल सोपवायचं नाही. म्हणून मी मुलींना म्हणते, अर्ज नंतर, आधी घरच्यांना समोर बसवा. ‘तुझं काम, तू बघ’ असं उत्तर आलं तर अजून तयारी झालेली नाही.

दुसरा टप्पा प्रथमोपचाराचा. लहान मुलांसाठीचा हा कोर्स पूर्ण 12 तासांचा असतो आणि दर तीन वर्षांनी पुन्हा करावा लागतो. वर्षाखालच्या बाळाच्या घशात काही अडकलं तर त्याला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली ठेवून, दोन खवाट्यांच्या मध्ये पाच थापट्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. पोट दाबायचं नाही. दिसत नसताना घशात बोट घालायचं नाही. आपल्याकडे घरोघरी पहिल्यांदा नेमकं बोटच घालतात. रबरी बाहुलीवर थापट्या आणि दाब यांचा सराव करताना वर्गात हशा होतो, पण हाताला तो क्रम बसतो. आणि तो हातालाच बसायला हवा, कारण वेळ आली की डोकं चालत नाही.

त्या वर्गातून येऊन मी स्वयंपाकघराकडे नव्याने पाहिलं. मी नाशिकची, द्राक्षांच्या गावची. तिथे घोसच्या घोस पोरांच्या हातात दिले जातात. इथे माझ्याकडे प्रत्येक द्राक्ष उभं चिरून त्याचे चार भाग होतात. आडवं चिरलेलंही चालत नाही. ती गोल चकती श्वासनलिका बंद करू शकते. अख्खे शेंगदाणे पाच वर्षांखालच्या कुणालाच नाहीत. मुलं खात असताना मी त्यांच्यासमोर बसते. ओट्याकडे तोंड करून भांडी घासत ‘लक्ष आहे माझं’ म्हणणं बंद झालं, कारण गुदमरणारं मूल बहुतेक वेळा आवाज करत नाही.

मग घर. तपासनीस येण्याआधी मी दिवाणखान्यात चक्क रांगले. गुडघ्यांवर बसलं की घर वेगळंच दिसतं. पडद्याच्या दोरीचा फास नेमका मानेच्या उंचीला येतो. किटलीची वायर ओट्यावरून लोंबत असते. सोफ्याखाली रिमोटची गोल चपटी बॅटरी घरंगळलेली सापडते. ती गिळली तर काही तासांत अन्ननलिका जाळते. आणि कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर उंचीवर, आमचं देवघर. निरांजन, काडेपेटी, उदबत्तीचं घर या गोष्टी मी आधीच हलवल्या होत्या. चंदनाच्या डबीशेजारच्या कापराकडे तोवर लक्ष गेलं नव्हतं. पांढऱ्याशुभ्र चौकोनी वड्या, पेपरमिंटच्या गोळ्यांसारख्या दिसणाऱ्या. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. इथल्या कुठल्याच छापील यादीत कापूर नव्हता, असणारही नाही. यादी इथल्या घरांची, घर माझं. देवघर भिंतीवर वर चढलं. आता उभ्याने पूजा करते.

तपासनीस बाई आल्या त्या दिवशी त्यांनी घर पाहिलं, पण जास्त वेळ माझ्याशी बोलल्या. लहान मुलांच्या शिक्षणाचा इथला आराखडा 2008 पासून लागू आहे. त्यात शिकण्याची सात क्षेत्रं आहेत आणि त्यातली तीन पायाभूत: भाषा व संवाद, शरीराची वाढ, आणि भावनिक-सामाजिक वाढ. ते पाठ करून मी बसले होते. त्यांनी विचारलं ते असं: “सोमवारी एका मुलाच्या पाठीवर वळ दिसला आणि आई म्हणाली, पडला. तुम्ही काय कराल?”

आपल्या रक्तात मुरलेलं उत्तर म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत पडू नये. फार तर आईला बाजूला घेऊन समजवावं. इथे यातलं काहीही चालत नाही. कुठे, केवढं, काय रंगाचं दिसलं, मूल स्वतःहून नेमकं काय बोललं, ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहायचं. खोदून प्रश्न विचारायचे नाहीत. काळजी वाटली तर काउन्सिलच्या बालसंरक्षण विभागाला कळवायचं. खरं-खोटं ठरवणं हे माझं काम नाही. मी पाहिलेलं पुढे पोचवणं हे आहे. नोंदणीच्या सगळ्या पायऱ्यांत ही मला सर्वांत अवघड गेली, कारण त्यासाठी नवं काही शिकायचं नव्हतं, जुना संकोच सोडायचा होता. रोज दारात हसून बोलणाऱ्या आईबद्दल फोन उचलणं सोपं नसतं. पण त्या घरात मुलाच्या बाजूने बोलणारं दुसरं कुणी नसेल, तर बाहेरचं पहिलं माणूस मीच असते.

आराखड्यातला खेळातून शिकण्याचा भाग मात्र मला परका वाटला नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीत आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला जे केलं, ते डी. एड.ला आम्ही वाचलं होतं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, महागडी साधनं परवडत नाहीत तर पानं, बिया, शिंपले घ्यायचे. माझ्याकडे येणारी मुलं पोळपाटाशेजारी कणकेचा गोळा घेऊन बसतात, मोजे जोडीने लावतात, बागेतल्या गोगलगायी मोजतात. मूल दोन वर्षांचं झालं की त्याच्या प्रगतीची लेखी नोंद आई-वडिलांना द्यावी लागते. तीत यातलंच लिहिते.

याच आराखड्यात आणखी एक सोय आहे, ती आपल्या लोकांना सहसा माहीत नसते. घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला ती भाषा खेळताना वापरायची संधी द्यावी, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मराठी आया मला सुरुवातीलाच सांगतात, “ताई, त्याच्याशी इंग्लिशच बोला हं, शाळेत मागे पडेल.” मी त्यांना हा नियम दाखवते. इंग्रजीही त्याला यायलाच हवं, तेही माझंच काम. पण रडणाऱ्या मुलाला ‘आलेच हं’ ऐकून जे बरं वाटतं, ते सोडून देण्याचं काहीच कारण नाही.

दाखला मिळायला दोन-तीन महिने गेले. विमा काढला, हजेरीचं रजिस्टर केलं, औषधांसाठी पालकांच्या लेखी परवानगीचे कागद तयार केले. इतकं करूनही हे काम पैशाचं म्हणावं असं नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत इंग्लंडमधल्या चाइल्डमाइंडरांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. तास लांब, कागद पुष्कळ, उत्पन्न बेताचं. नोकरदार आई-बापांच्या 9 महिन्यांवरच्या मुलांना सप्टेंबर 2025 पासून शाळेच्या सत्रांत सांभाळण्याचे आठवड्याला 30 तास सरकारी खर्चाने मिळू लागले. मागणी वाढली, आणि मोकळ्या जागेसाठी फोनही.

फोन वाढले की मोह होतो. नियम सांगतो, एका वेळी 8 वर्षांखालची सहा मुलं, त्यात शाळेत न जाणारी लहानगी साधारण तीन, आणि वर्षाखालचं एक. यात स्वतःची मुलंही धरायची. मी बहुतेक वेळा त्याहून कमीच घेते. याचं कारण तपासणीत विचारला जाणारा एक प्रश्न. अंगणात खेळणाऱ्या कुठल्याही मुलाकडे बोट दाखवून विचारतात: हा तीन महिन्यांपूर्वी काय करत नव्हता, आता काय करतो, आणि पुढे त्याला काय जमायला हवं? याचं उत्तर फाइल न उघडता देता आलं पाहिजे. किती मुलं घरात मावतात हे कायद्याने ठरवून दिलंय. किती मुलं मला खरोखर माहीत असू शकतात, ते मलाच ठरवायचं असतं. हे उत्तर जितक्या मुलांबद्दल देता येतं तितकीच घ्यावीत आणि उरलेली जागा रिकामी ठेवावी, फोन कितीही आले तरी.