थ्री नॉट थ्री

उंची पावणेचार फुटांना किंचित कमी. रिकाम्या पोटी वजन चार किलोंच्या घरात. दस्त्यापासून तोंडापर्यंत सगळ्या अंगावर लाकूड, नळीचे टोक एवढेसे बाहेर डोकावणारे, त्यामुळे नाक नकटे. त्या नकट्या नाकावर नेम धरायची माशी, आणि तिला धक्का लागू नये म्हणून दोन बाजूंना दोन पोलादी कान. दस्त्याच्या तळाला जाड पितळी पत्रा, त्यात नखाने उघडायचे झाकण. आत तेलाची कुपी आणि नळी पुसायची पुल-थ्रू नावाची दोरी. आपल्या साफसफाईचे सामान स्वतःच्या पोटात घेऊन फिरणारी ही बाई.

ली-एनफिल्ड रायफल हे तिचे कागदोपत्री नाव. पोलीस लाइनीत, एनसीसीच्या मैदानावर, ट्रेझरीच्या दारात ती थ्री नॉट थ्री. नळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणून. नावातला ली म्हणजे जेम्स पॅरिस ली, स्कॉटलंडात जन्मलेला, कॅनडात वाढलेला, अमेरिकेत नावारूपाला आलेला कारागीर. एनफिल्ड हा लंडनच्या उत्तरेचा शस्त्र कारखाना. (१८५७ ची काडतुसे ज्या रायफलीत भरायची होती तीही एनफिल्डचीच, पण ती ठासणीची, या घराण्यातली फार आधीची.) १८९५ साली ली-एनफिल्ड नावाने ती ब्रिटिश फौजेत आली, आणि आपण जिला ओळखतो तो आखूड बांधा १९०७ च्या मार्क थ्रीचा.

तिचा खरा स्वभाव बोल्टमध्ये आहे. बोल्टची मूठ चापाच्या अगदी जवळ, खाली वाकवलेली. वर उचला, मागे ओढा, रिकामी पुंगळी उडते. पुढे ढकला, खाली दाबा. पुढे ढकलताना शेवटच्या टप्प्यात ती थोडी अडते, कारण तिथे तिची स्प्रिंग ताणली जाते. जर्मन माउझरची स्प्रिंग मूठ उचलतानाच ताणली जाते, म्हणून तिला उघडताना जोर लागतो. ही उघडताना हलकी आणि मिटताना हट्टी. ज्याला हे कळले त्याचा हात थांबत नाही. पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश शिपायाकडून तीनशे यार्डांवरच्या निशाणावर मिनिटाला पंधरा बारांची अपेक्षा असे, आणि त्याहून जास्त झाडणारे पुष्कळ निघत. पोटात दहा काडतुसे, पाच-पाचच्या दोन क्लिपांनी वरून भरायची. मात्र काडतुसाच्या बुडाला कड असते. वरच्याची कड खालच्याच्या मागे गेली, की ती रुसते आणि बोल्ट कितीही आदळला तरी काडतूस पुढे सरकवत नाही. घाईने भरणाऱ्यावर तिचा राग आहे.

सुरुवातीच्या काळात वरिष्ठांचाच तिच्यावर विश्वास नव्हता, किंवा खरे सांगायचे तर शिपायावर नव्हता. दहा गोळ्या हाताशी आल्या तर हा उधळून टाकील, ही भीती. म्हणून मॅगझीनवर एक सरकती पोलादी पट्टी बसवलेली असे. पट्टी आत ढकलली की शिपायाने एकेक काडतूस हाताने घालायचे, दहा गोळ्यांची शिल्लक अडीअडचणीला. शिवाय डाव्या अंगाला एक तबकडी, अठ्ठावीसशे यार्डांपर्यंत नेम धरण्यासाठी. एवढ्या अंतरावर माणूस दिसतसुद्धा नाही. अख्ख्या तुकडीने मिळून क्षितिजाच्या रोखाने बार काढायचे, अशी कल्पना. महायुद्धाच्या चिखलात ही पट्टी आणि तबकडी दोन्ही गळून पडली. कारखान्यांना वेळ नव्हता.

हिंदुस्थानात ती नुसती आली नाही, इथे जन्मलीही. कोलकात्याजवळ हुगळीकाठी इशापूरचा रायफल कारखाना आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने नंबर फोर ही सुधारित धाकटी काढली, तरी इशापूर जुन्या मार्क थ्रीलाच धरून राहिले. इथले लाकूड चिरते असे दिसल्यावर पुढच्या भागात आडवा स्क्रू पिळला. जगभरचे हौशी संग्राहक आज त्याच स्क्रूवरून इशापूरची पोर ओळखतात. आधी तिच्या मनगटावर राजमुकुट आणि सम्राट जॉर्जची अक्षरे ठोकत. स्वातंत्र्यानंतर त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. अंग तेच, बोल्ट तोच, शिक्का नवा.

जुन्या बंदुकांचे शौकीन एक युक्तिवाद नेहमी करतात. ती एका वेळी एकच बार काढते, प्रत्येक बारासाठी हात हलवावा लागतो, म्हणून ती माणसाला विचार करायला लावते. आजच्या स्वयंचलित बंदुका अविचारी. ऐकायला हे छान वाटते. पण १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत डायरच्या पन्नास शिपायांच्या हातात हीच होती. सुमारे दहा मिनिटांत १,६५० गोळ्या. माणशी तेहेतीस. म्हणजे प्रत्येकाने तेहेतीस वेळा मूठ उचलली, ओढली, ढकलली, दाबली आणि मधूनमधून पुन्हा क्लिपा भरल्या. विचार करायला तेहेतीस संधी होत्या. तिच्या लाकडाचे, तिच्या हातकामाचे कौतुक जरूर करावे, मी करतो. पण तिच्या पदरी सद्गुण बांधू नये.

साताऱ्याच्या बाजूला अनेक गावांत एक दगडी पाटी सापडते: या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. अपशिंगे गावाच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ चिकटले. मेसोपोटेमियात, कुतच्या वेढ्यात, मराठा पलटणींच्या खांद्यावर ली-एनफिल्डच होती. बाजरीच्या शेतातला हात आणि स्कॉटिश कारागिराचा बोल्ट यांची गाठ तिथल्या वाळूत पडली. पाटीवर माणसांची संख्या कोरलेली असते, रायफलीचे नाव नसते. तेच बरोबर आहे.

तिच्या आयुष्यातले सर्वांत कठीण वर्ष १९६२. १८ नोव्हेंबरला लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत मेजर शैतानसिंग यांची कुमाऊँ रेजिमेंटची तुकडी लढली ती मुख्यतः हिच्या जोरावर, समोर स्वयंचलित शस्त्रांचे चिनी सैन्य. गोठलेल्या बोटांनी बोल्ट ओढत लढलेली ती माणसे बहुतेक सगळी तिथेच पडली. त्यानंतर पायदळाच्या हाती सेल्फ लोडिंग रायफल (एसएलआर) येत गेली. इशापूरने हिच्याच बांध्यात ७.६२ मिलिमीटरची आवृत्ती काढून पाहिली, पोटात बारा गोळ्यांची. पण आघाडीवरचे दिवस संपले होते. सैन्यातून सुटलेली ती पोलिसांत रुजू झाली.

पोलिसांत तिला मान मिळाला आणि काम कमी. गार्ड ड्युटी, निवडणूक बंदोबस्त, सलामी शस्त्र, शोक शस्त्र, हवेत तीन फैरी. लाकडाला जवसाचे तेल, पितळेला ब्रासो. एनसीसीत तर तिच्या निकामी केलेल्या बहिणी, डी.पी. म्हणजे केवळ ड्रिलपुरत्या. कॉलेजच्या पोरांचे खांदे त्यांनी वर्षानुवर्षे सोलले. बाजू शस्त्रच्या हुकमावर शंभर तळहात एकदम लाकडावर आपटतात, तो आवाज प्लॅस्टिकच्या दस्त्यातून निघत नाही.

मग २६ नोव्हेंबर २००८, मुंबईवरचा दहशतवादी हल्ला. सीएसटीच्या फलाटांवर काही पोलिसांच्या हातात ती होती, बऱ्याच जणांकडे नुसती लाठी. समोर एके-४७. पल्ला आणि अचूकता पाहिली तर ती एके-४७ ला हार जात नाही. पण गर्दीच्या फलाटावर पल्ला कोण विचारतो? तिथे समोरचा तीस गोळ्यांचे मॅगझीन रिकामे करून दुसरे लावतो, तोवर इकडे कित्येक वर्षांत सराव न मिळालेला हात दुसऱ्यांदा बोल्ट ओढत असतो. दोष तिचा नव्हता. तिला तिथे उभी करणाऱ्यांचा होता. (आणि एके-४७ चा दस्ताही मुळात लाकडीच असतो, हे लाकडाच्या भक्तांनी लक्षात ठेवावे.) पुढच्या वर्षी महाराष्ट्राने फोर्स वन हे कमांडो पथक उभारले: काळी आखूड शस्त्रे, रेड डॉट, अंगात चिलखती जाकीट, गुडघ्यांना गाद्या. ते योग्यच झाले. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० च्या संचलनात. गडचिरोलीत मात्र शरण आलेल्या नक्षलवाद्यांनी जमा केलेल्या शस्त्रांच्या याद्यांत इन्सास, एसएलआरच्या शेजारी ती अजून दिसते. कधीतरी पोलिसांकडून पळवून नेलेली, रानात बाजू बदललेली.

तरीही मला आवडते ती हीच. आजची टॅक्टिकल रायफल म्हणजे एक सांगाडा. त्यावर खाचांची रेल, रेलवर दुर्बीण, टॉर्च, लेसर, पुढची मूठ, घडीचा दस्ता. यांतले काहीही काढा, दुसरे लावा, ती तक्रार करत नाही, कारण तिला स्वतःचे अंगच नाही. लढणाऱ्याला नेमके हेच हवे असते. पण हल्ली न लढणाऱ्यांनाही त्याचा मोह पडलेला दिसतो: सहलीला निघालेल्या माणसाच्या पाठीवर वेल्क्रोच्या पट्ट्यांची काळी बॅग, आठ खिशांची पँट, जणू पुढच्या वळणावर कुणीतरी दबा धरून बसले आहे. थ्री नॉट थ्रीबरोबरचे सामान वेगळे होते. जाड सुती पट्टा, पितळी बकल, पन्नास गोळ्यांचा कापडी पट्टा, संगीन. धुतले की मऊ होणारे, घासले की चमकणारे, फाटले की सुईदोऱ्याने शिवता येणारे. तिच्या दस्त्यावर ज्या जागी गाल टेकतो तिथले लाकूड वर्षानुवर्षे काळपट, गुळगुळीत होत जाते. एका हवालदाराचा गाल, मग दुसऱ्याचा.

ही आवड ड्युटीवर नसलेल्यांनाच परवडते. सलामीच्या रांगेत ती देखणी दिसते म्हणून नाक्यावरच्या शिपायाला ती द्यावी, असे म्हणणाऱ्याने आधी तिच्यासह रात्रभर त्या नाक्यावर उभे राहावे.

हौस म्हणून ती घरी आणायची म्हटले तर भारतात तेही सोपे नाही. लष्करी काडतूस सामान्य माणसाच्या हाती नको म्हणून इंग्रजांनी हा .३०३ बोअर नागरिकांना बंद ठेवला, आणि तो नियम आपण जपला. वाट एकच: परवाना काढायचा आणि इशापूरची .३१५ स्पोर्टिंग रायफल घ्यायची. बोल्ट तोच, मिटताना हट्टीपणाही तोच. मॅगझीनमध्ये फक्त पाच.