बाबांचं उत्तर मीच देऊन टाकलं

आज तुरीचं लिहिणार होतो, पण घरचंच लिहितो.

मागच्या महिन्यात आशाताई सीबॅकचा फॉर्म घेऊन आल्या. तिशीवरच्या सगळ्यांचा भरतात, साठीवरच्यांना चार प्रश्न जास्तीचे. त्यातला एक : जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? बाबा ७८ चे. मी बसल्या जागेवरून बोललो, "विसरतात. नातवाले माह्याच नावानं हाक मारतात. वय झालं आता."

ताई म्हणाल्या, "दादा, तुमाले नाई इचारलं." अन् खुर्ची बाबांच्या कानाजवळ ओढली.

शेवटी दोन प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागलं नाही, असे किती दिवस? उदास, आशा सुटल्यासारखं किती दिवस वाटलं? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बाबा रिकाम्या गोठ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बैल इकले तवापासून वावरात जाऊन करू काय? रोजचंच हाय हे."

बेरीज पाच झाली. सहापैकी.

बैल मीच विकले. भाड्यानं ट्रॅक्टर मिळतो, कडबा परवडत नव्हता. हिशोब बरोबर होता. बाबांना विचारलं मात्र नव्हतं.

उपकेंद्रातून चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, म्हातारपणी उदासीही विसरल्यासारखीच दिसते. बी-१२ कमी, थायरॉइड, कमी ऐकू येणं, यानंही तसं होतं. खरा स्मृतिभ्रंशही असू शकतो. देशात साठीवरच्या शंभरात साधारण सात जणांना तो आहे. मला आपला लाल्या आठवला. पऱ्हाटीचं पान लाल दिसलं की आपण मॅग्नेशियम, तुडतुडे, थंडी सगळं तपासतो. बापाच्या बाबतीत एकच शब्द, वय.

आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस होते, पण डोळा कर्त्या माणसावर असतो. ओसरीवरचा म्हातारा राहून जातो. घरी असं कोणी असेल तर आशाताईंना सांगा, नाही तर टेलि-मानसला १४४१६ वर फोन लावा. फुकट आहे, मराठीत बोलतात.

गोळी सुरू होऊन तीन आठवडे झाले. झोप लागते. नातवाला अजून माझ्याच नावानं हाक मारतात, म्हणून स्मरणाची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. परवा स्वतःहून वावरात आले, तुरीच्या गंजीजवळ बसले अन् शेंगा फोडून म्हणाले, फवारणी आठ दिवस उशिरा झाली तुही. खरं आहे ते. त्याचं पुढच्या नोंदीत लिहितो.