हाजीसाहेबांची रायफल

माझा धाकटा भाऊ फ्रान्समध्ये, मार्सेयला नोकरीला आहे. त्याच्या शेजारच्या अल्जेरियन हाजीसाहेबांकडे एक जुनी फ्रेंच रायफल आहे. त्यांचे परदादा १८७० च्या प्रशियाविरुद्धच्या लढाईत फ्रेंचांच्या अल्जेरियन पलटणीत होते, आणि रणांगणावरून ते हीच घेऊन परतले, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

"आपा, तू इतिहास शिकवतेस, बघ ना जरा," म्हणत भावाने फोटो पाठवले.

वह्या तपासायच्या बाजूला ठेवून मी मोबाइलवर फोटो मोठे करकरून पाहिले. नळीवर सेंत-एतिएनच्या कारखान्याचा 'एस' आणि साल १८६८. मन खूश झालं. पण मागच्या भागावर कोरलं होतं '१८६६-७४'. म्हणजे मूळची शास्पो रायफल, कागदी काडतुसाची. १८७४ नंतर ग्रास पद्धतीने पितळी काडतुसासाठी बदललेली. शिवाय 'एम ८०' हा ठसा, १८८० च्या दुरुस्तीचा. असली कामं सरकारी कारखान्यात होत. रायफल १८७० मध्ये लढली असेलही. पण दहा वर्षांनंतरही ती सरकारकडेच होती.

भाऊ गप्पच झाला. "त्यांना कसं सांगू, आपा?"

"परदादा लढले नाहीत, असं ही रायफल म्हणत नाही. आधी तेवढं सांग. मग ठसे त्यांनाच पाहू दे."

जुम्म्याच्या नमाजनंतर तो गेला. हाजीसाहेबांनी 'एम ८०' वरून बराच वेळ बोट फिरवलं. मग विचारलं, "मग ही आमच्या घरी आणली कुणी?"