गाडीचा बेल्ट आत जाईना तेव्हा

सोयाबीनची रास झाली, हरभराही पेरून झालाय, म्हणून आज रानाचं सोडून गाडीचं लिहितो.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत एक दुखणं हमखास असतं. सीटबेल्ट ओढला की बाहेर येतो, पण सोडला की तिथंच लोंबकळतो. मग दार लावताना दारात अडकतो, बाहेर लोंबणाऱ्या टोकाला चिखल लागतो, आणि त्या चिखलानं आणखीच जड होतो. आमच्या गाडीत ड्रायव्हरशेजारचा बेल्ट असा झाला होता. नेहमी तिथं आमची मंडळी बसतात, हातानं ढकलून बेल्ट आत घालतात, चाललं होतं. पण आता लेकीला सातव्या महिन्यात लातूरहून आणायचंय. तेर, ढोकी, मुरूड, लातूर हा रस्ता माहीत असणाऱ्याला जास्त सांगायला नको. उसाचे ट्रॅक्टर, दोन दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा असेल तर नशीब. तिथं ब्रेक कधी दाबावा लागेल सांगता येत नाही.

ढिला बेल्ट लावला काय आणि नाही लावला काय, असं म्हणणार नाही, पण जेवढा ढिला तेवढं अंग आधी पुढं जातं आणि मग हिसका बसतो. पोटुशी बाईनं तर खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावर घ्यायचा असतो आणि वरचा छातीच्या मधून. पोटावरून घ्यायचा नाही. बेल्ट स्वतःहून आत खेचला गेला तरच तो असा जागेवर बसून राहतो.

आता तो आत कसा जातो? फवारणीचा पेट्रोल पंप दोरी ओढून चालू करतो ना आपण, दोरी सोडली की सर्रकन आत जाते. तेच यंत्र. आत एक गुंडाळलेली कमान असते, जुन्या चावीच्या घड्याळात असायची तशी. ती चक्राला मागं फिरवते आणि पट्टा गुंडाळला जातो. शेजारी एक कुलूप असतं. बऱ्याच गाड्यांत वाटीत ठेवलेली एक लहान गोळी असते. गाडी एकदम थांबली की गोळी हलते, खिटी उचलते, खिटी दात्यात बसते आणि चक्र थांबतं. म्हणूनच गाडी बांधाच्या उतारावर तिरकी उभी केली तर कधी कधी बेल्ट निघतच नाही. तो बिघाड नव्हे. गाडी सपाटीला घ्या, निघतो.

कमान तुटली असेल असं मला दोघांनी सांगितलं. एक जण म्हणाला तेल मारा. कमान सहसा तुटत नाही हो, आणि तेलानं तर धूळ चिकटून गाळ होतो. खरं कारण मळ. काळ्या रानाची धूळ, घाम, मळणीचा भुसा हे सगळं पट्ट्यात मुरतं. पट्टा जाड आणि ताठ होतो. खांद्याजवळ ज्या कडीतून तो खाली वळतो, तिथं मळाचा थर बसतो. कमानीचा जोर तेवढाच, घर्षण मात्र वाढलेलं.

मी काय केलं ते सांगतो. पट्टा हळूहळू पूर्ण बाहेर ओढला आणि तो परत जाऊ नये म्हणून कडीच्या खाली, जिथून तो आत जातो तिथं, फडकं गुंडाळून चिमटा लावला. कोमट पाण्यात थोडा साधा साबण, मऊ ब्रश, आणि पट्ट्याच्या लांबीतच घासायचं. पाणी इतकं काळं निघालं की मंडळी म्हणाल्या, रान धुतलं का काय. मग ओल्या फडक्यानं साबण काढला. खालच्या यंत्रात पाणी जाऊ दिलं नाही. कडीतला थर ओल्या फडक्यानंच निघाला, चिकट, डांबरासारखा. ब्लीच, पेट्रोल, रॉकेल काही वापरू नका, धागा कमजोर होतो. सावलीत पूर्ण वाळेपर्यंत चिमटा तसाच ठेवला, एक दिवस आणि एक रात्र. ओला आत गेला तर बुरशी येते.

(आमचं तेर म्हणजे जुनं तगर. इथलं कापड दोन हजार वर्षांपूर्वी गाड्यांत भरून भडोच बंदराला जायचं. त्या गाडीवानांना हा पट्टा दाखवला असता तर काय म्हणाले असते कोण जाणे.)

चिमटा काढल्यावर पट्टा एका दमात वर गेला. मग हिसका देऊन पाहिला, जागीच अडकला. या दोन्ही गोष्टी बघाव्याच लागतात. धुऊनही आत गेला नाही, किंवा हिसक्याला अडकला नाही, तर यंत्र बदलायचं. उघडायचं मात्र नाही. दाबून बसवलेली कमान एकदम उसळते, आणि एअरबॅगच्या गाड्यांत पट्टा आवळायला बारीक स्फोटकही असतं. तसंच उंदरानं कुरतडलेला पट्टा काही जण चांभाराकडून शिवून आणतात. चप्पल शिवावी, बेल्ट नाही. मोठ्या अपघातात ताण बसलेलाही बदलावाच लागतो.

दंड होईल म्हणून पोलीस दिसला की पट्टा छातीवर धरणारे मी रोज बघतो. बेल्ट न लावता तेवढी पिन अडकवून गाडीचा आवाज बंद करणारे तर त्याहून हुशार. आणि मागं बसलं की बेल्ट कशाला, हे तर सगळेच म्हणतात. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री गेले ते मागच्याच सीटवर होते, बेल्ट नव्हता. पुढचे दोघं वाचले. गाडी भारीतली होती.

मागच्या दोन्ही बेल्टांची बक्कलं आमच्या गाडीत सीटकव्हरच्या खाली गाडली गेलीत. उद्या कव्हर फाडून ती वर काढायचीत, पट्टे धुवायचेत. लेकीसोबत विहीणबाई पण येणार आहेत, त्या मागं बसतील.