बेळगाव ते इरुंगाट्टुकोट्टै, आणि परत

आमच्या घरापासून राष्ट्रीय महामार्ग ४८ पाच मिनिटांवर आहे. जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘एनएच फोर’च. हा रस्ता न सोडता हुबळी, दावणगेरे, तुमकूर, बंगळूर, कृष्णगिरी, वेल्लोर असं गेलं, की साधारण ८०० किलोमीटरवर, चेन्नई यायच्या थोडं आधी इरुंगाट्टुकोट्टै लागतं. तिथे ह्युंदाईचा मोठा कारखाना आहे. आणि तिथेच मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे, ३.७ किलोमीटरचा रेसिंग ट्रॅक. तो १९९० मध्ये सुरू झाला. त्याआधी मद्रासच्या शर्यती शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर होत.

माझी गाडी अबार्थ पुंतो. पुस्तकी व्याख्येनं ही स्पोर्ट्स कार नव्हे. पाच दारांची, आई मागे बसून भाजी निवडू शकेल अशी गाडी आहे. पण १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात बनलेली. फियाटची भारतातली विक्री २०१९ मध्ये थांबली, त्यामुळे सुटे भाग दिसतील तेव्हा घेऊन ठेवायची सवय मला लागली आहे. बायको माळ्यावरच्या त्या खोक्याला ‘फियाटचं शोरूम’ म्हणते.

ट्रॅकवर जायचं ठरल्यावर मी वही घातली. (एक्सेल रोज ऑफिसात असतंच.) प्रवेश फी, चार सत्रांची मिळून १६,००० रुपये. हेल्मेट ९,०००. पुढचे चांगले ब्रेक पॅड १०,०००. अलाइनमेंट १,२००. पेट्रोल साडेचौदा हजार. हायवेला १३ चं ॲव्हरेज देणारी गाडी ट्रॅकवर ५ देते, तेही मोठ्या मनानं. टोल, दोन रात्रींचं लॉज. एकूण ६०,००० च्या आत.

बायकोनं वही वाचली आणि विचारलं, “परत ह्याच गाडीतून यायचंय ना तुला?”

त्या प्रश्नानं वहीत नवं पान आलं. आपली नेहमीची मोटार विमा पॉलिसी काढून ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग वाचा: संघटित शर्यत, वेगचाचणी यांत झालेलं नुकसान त्यात धरत नाहीत. म्हणजे भिंतीला गाडी घासली तर सगळा खर्च खिशातून. आणि बंद पडली तर फ्लॅटबेडवर टाकून ८०० किलोमीटर. त्यासाठी ३५,००० वेगळे ठेवले आणि त्यांना हात लावायचा नाही असं ठरलं.

एकट्यानं जायचं नाही, अशी आईची अट. म्हणून बाबा निघाले. बाबांनी उद्यमबागेत टर्नर म्हणून ३४ वर्षं काढली. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली बघितली.

“ऑइल कधी बदललास?”

“दीड वर्ष झालं.”

“मग बदल की. हजार रुपयांसाठी काय विचार करायलास?”

हजाराचा प्रश्न नव्हता, मला पहाटे चारला निघायचं होतं. आल्यावर बदलतो म्हटलं.

दावणगेरेत बेन्ने डोसा, चित्रदुर्गाच्या डोंगरांवर पवनचक्क्या, बंगळूरला तीन तास ट्रॅफिक, अंधारात आंबूर. बाबा सगळा वेळ टायरचा आवाज ऐकत बसले होते.

ट्रॅकवर पहिलं काम गाडी रिकामी करायचं. स्टेपनी, जॅक, मुलीची छत्री, गणपतीची छोटी मूर्तीसुद्धा काढून बाबांकडे दिली. चाकांचे नट टॉर्क रेंचनं आवळले. टायर तापले की हवेचा दाब ५-६ पीएसआय चढतो, म्हणून सत्र संपल्यावर लगेच मोजून हवा कमी केली. झेंडे समजावून सांगितले: पिवळा दिसला की सावध, लाल दिसला की हळूहळू परत.

पहिल्या दोन सत्रांविषयी मला नीट लिहिता येत नाही. रोज नेसर्गी रोडला गाई चुकवत चालवायची गाडी तीच, पण समोरून कुणी येणार नाही, ही खात्री असली की डोळे फार लांबपर्यंत बघायला लागतात.

तिसऱ्या सत्रात, पाचव्या फेरीत, एका संथ वळणाआधी पेडल नुसतं आत गेलं. स्पंजसारखं. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा थोडं धरलं. मी वळणाबाहेरच्या मातीत जाऊन थांबलो, गाडीला ओरखडाही नाही.

कारण साधं होतं. साडेबाराशे किलो वजन १५० च्या वेगावरून ६० वर आणायला ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते, तिच्यात वीस कप चहाचं आधण येईल. एका फेरीत हे अनेकदा. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. पण ते हवेतली ओल शोषतं, आणि पुरेशी ओल धरल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि आपला पाय चाकापर्यंत पोचतच नाही. मी १०,००० चे पॅड टाकले होते, दीड वर्षाच्या ऑइलवर.

गाडी हळू चालवत पॅडॉकमध्ये आणली. हँडब्रेक ओढला नाही, तापलेल्या डिस्कला पॅड चिकटू नयेत म्हणून चाकाला दगड लावला. बाबांनी एवढंच विचारलं, “पाय कुठपर्यंत गेला?”

“तळाला.”

शेजारच्या कोइम्बतूरच्या पोरानं सीलबंद डबा दिला आणि पैसे घ्यायला खूप आढेवेढे घेतले. तासभर गाडी थंड झाल्यावर बाबा सीटवर बसले, मी खाली आडवा. सगळ्यात लांबचं, मागचं डावं चाक आधी. “दाबा.” निपल सैल. “धरा.” निपल बंद. “सोडा.” नळीतून चहाच्या रंगाचं ऑइल आलं, बुडबुडे आले, मग हळूहळू फिकं, स्वच्छ. चौथ्या चाकापर्यंत त्यांचं पेडल दाबणं इतकं लयीत आलं होतं, की मला सांगावं लागेना.

चौथं सत्र सुरू झाल्याचा भोंगा वाजला. चार हजार रुपयांचं सत्र. ब्रेक आता घट्ट होते. कोइम्बतूरचा पोरगा हेल्मेट घालून माझ्याकडे बघत होता.

मी टायरमध्ये हायवेची हवा भरली. स्टेपनी ठेवली, छत्री ठेवली. गणपती बाबांनी स्वतः डॅशबोर्डवर बसवला.

कृष्णगिरीपर्यंत मीच चालवली. चहाला थांबल्यावर बाबांनी किल्लीसाठी हात पुढे केला. ह्या गाडीला त्यांनी आजवर हात लावला नव्हता; क्लच जड आहे म्हणायचे. होसूर येईपर्यंत ते दर दोन मिनिटांनी, रस्ता मोकळा असतानाही, ब्रेकवर हलकेच पाय ठेवून बघत होते.