फोडण्यासाठीच उघडलेलं दुकान

मागच्या महिन्यात रविवारचा ऑनलाइन तास संपला. मुलं एकेक करून स्क्रीनवरून गेली, पण एक मुलगा थांबला. वय तेरा. म्हणाला, "काका, तुम्ही सिक्युरिटीचं काम करता ना? मला हॅकिंग शिकवा ना. मी आमच्या शाळेच्या वेबसाइटवर ट्राय करणार आहे."

मी म्हणालो, "शाळेच्या वेबसाइटला हात लावायचा नाही. पण मी तुला एक दुकान देतो. ते हवं तेवढं फोड."

तुमच्यापैकी काही जणांच्या मनातही हीच इच्छा असेल, म्हणून ते दुकान तुम्हालाही दाखवतो.

त्याचं नाव ज्यूस शॉप. दिसायला ही फळांचे रस विकणारी साधी वेबसाइट आहे. बियॉर्न किमिनिख या जर्मन प्रोग्रामरने २०१४ मध्ये ती बनवायला सुरुवात केली. आज ती ओवॅस्प या संस्थेचा प्रकल्प आहे. वेबसाइट सुरक्षित कशा बनवायच्या, हे ही संस्था २००१ पासून लोकांना शिकवते आहे. ज्यूस शॉपच्या नावातही गंमत आहे. जर्मन भाषेत 'रसाचं दुकान' असा एक शब्द आहे, पण बोलताना तो भोंगळ कारभारासाठी वापरतात!

आणि इथला कारभार खरोखरच भोंगळ आहे. तोही मुद्दाम. या दुकानात शंभराहून जास्त चुका पेरून ठेवल्या आहेत. प्रत्येक चूक शोधणं हे एक कोडं, आणि प्रत्येक कोड्याला एक ते सहा तारे. एक तारा म्हणजे सोपं, सहा म्हणजे डोक्याला ताप. कोड्यांची यादी ज्या पानावर आहे, ते पानसुद्धा लपवलेलं आहे. ते शोधणं हेच पहिलं कोडं. दुकान फुकट आहे आणि ते तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालतं. काही बिघडलं, तर बंद करून पुन्हा सुरू करा. दुकान पुन्हा कोरं करकरीत.

माझं सगळ्यात आवडतं कोडं लॉगिनचं आहे. समजा, एका सोसायटीच्या वॉचमनला सांगितलंय, "चिठ्ठीवर ज्याचं नाव असेल, त्याला आत सोड." तुम्ही चिठ्ठीवर 'जोशी' लिहिलंत, तर तो जोशींनाच सोडेल. पण तुम्ही लिहिलंत, 'जोशी, नाहीतर जो कोणी येईल तो', तर? वॉचमन भोळा असेल, तर नावापुढचे शब्दही तो हुकूम म्हणूनच वाचेल, आणि सगळ्यांना आत सोडेल.

ज्यूस शॉपचं लॉगिन असंच भोळं आहे. ईमेलच्या चौकटीत एक अवतरणचिन्ह टाकलं की प्रोग्रामला वाटतं, नाव संपलं. त्यापुढे 'किंवा एक बरोबर एक' अशा अर्थाचे शब्द लिहायचे. एक बरोबर एक हे तर नेहमीच खरं! शेवटी दोन आडव्या रेघा. त्यांचा अर्थ 'यापुढचं वाचू नकोस', त्यामुळे पासवर्ड कोणी तपासतच नाही. यादीतला पहिला माणूस म्हणून तुम्ही आत जाता, आणि तो पहिला माणूस असतो दुकानाचा ॲडमिन.

मी मराठी शाळेत शिकलो. आमच्या बाई म्हणायच्या, "अवतरणचिन्ह उघडलं की बंद करायचं!" त्या एका चिन्हासाठी मी कितीदा गुण घालवलेत. त्याच चिन्हाने कुलूप उघडतं हे पाहिलं, तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. यावरचा उपायही सोपा आहे. माणसाने चौकटीत काहीही लिहिलं, तरी ते फक्त नाव म्हणून वाचायचं, हुकूम म्हणून नाही.

दुसरं कोडं टोपलीचं. ज्यूस शॉपमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाच्या टोपलीला एक नंबर असतो. ब्राउझरमध्ये तो नंबर बदलला की दुसऱ्याची टोपली दिसते. ही टोपली खरंच तुमची आहे का, हे दुकान विचारतच नाही.

हे कोडं सोडवताना मात्र मला हसू आलं नाही.

मी कॉलेजात होतो, तेव्हा आमचा निकाल वेबसाइटवर लागला. पानाच्या पत्त्यात शेवटी माझा परीक्षा क्रमांक दिसत होता. मी सहज शेवटचा आकडा बदलला, तर माझ्या मित्राचा निकाल समोर आला. तो दोन विषयांत नापास झाला होता. आम्हाला मात्र त्याने "पास झालो" असं सांगितलं होतं. मी ते एकालाच सांगितलं. रात्रीपर्यंत सगळ्या होस्टेलला कळलं. त्यानंतर तो माझ्याशी पुन्हा नीट बोलला नाही.

बरीच वर्षं मी स्वतःला समजावत होतो की चूक वेबसाइटची होती, तिला कुलूपच नव्हतं. ते खरंही आहे. पण दार उघडं दिसलं म्हणून शेजाऱ्याच्या घरात शिरून आपण त्याचं कपाट उघडतो का? आकडा मी बदलला होता. तोंडही मीच उघडलं होतं.

कायदाही हेच म्हणतो. अमेरिकेत १९८६ पासून आणि भारतात २००० पासून कायदा आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं हा गुन्हा ठरू शकतो, मग कुलूप कितीही कच्चं असो.

परवानगी असेल, तर तेच काम मानाचं होतं. २०१६ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने लोकांना जाहीर बोलावलं, "आमच्या काही वेबसाइटमधल्या चुका शोधा." १४०० हून जास्त जणांनी नावं नोंदवली आणि बक्षीस देण्याजोग्या १३८ चुका सापडल्या. शोधणाऱ्यांत अठरा वर्षांचा एक मुलगा होता. हायस्कूलच्या परीक्षा सांभाळून त्याने भाग घेतला होता. संरक्षणमंत्र्यांनी त्याचं कौतुक केलं.

दोन आठवड्यांनी आमच्या वर्गातला तो मुलगा तास संपल्यावर पुन्हा थांबला. "काका, मी ॲडमिन झालो!" मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "पण शाळेच्या वेबसाइटवर काही न करताच दुसऱ्या कुणाचे मार्क दिसले, तर काय करायचं?"

मी म्हणालो, "तिथेच थांबायचं. पुढचा आकडा टाकून बघायचा नाही. आई-बाबांना सांगायचं, मग त्यांच्याबरोबर शाळेला सांगायचं. आणि ते मार्क कुणाचे होते, ते मित्रांना कधीच सांगायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हणालो. मला त्या वेळी एवढंही जमलं नव्हतं.

विचार करा आणि सांगा

१. लेखकाने लॉगिनची चूक समजावताना वॉचमनचं उदाहरण का दिलं असेल?

२. 'तोंडही मीच उघडलं होतं' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

३. तुम्ही त्या मित्राच्या जागी असता, तर लेखकाला काय म्हणाला असता? पाच-सहा वाक्यं लिहा.